डेडस्टॉकमधून दप्तरात

छंद म्हणून केल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास बहुतेक वेळा चिपच्या वंशावळीसारखा सांगितला जातो. १९७१ मध्ये इंटेलची ४००४ आली, १९८० मध्ये ८०५१ आली, १९९० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या रचनेतून एव्हीआर आली आणि २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो जन्मला. ही वंशावळ खरी आहे, पण नाशिक तिच्यात कुठे बसते याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. सातपूरच्या आयटीआयमधल्या मुलाच्या किंवा सिन्नरच्या शाळेतल्या मुलीच्या दप्तरात अंगठ्याएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड कसा येऊ शकला, हे समजून घ्यायचे तर चिपचा वेग आणि मेमरी यांच्यावर नजर ठेवून भागत नाही. बोर्ड कोणाच्या मालकीचा होता, आणि तो बिघडला तर जाब कोणाला द्यावा लागत होता, हे पाहावे लागते. माझे म्हणणे असे की गेल्या चाळीस वर्षांतला खरा बदल मालकीतला आहे. बोर्ड लहान झाला म्हणून स्वस्त झाला, स्वस्त झाला म्हणून शिकणाऱ्याचा स्वतःचा झाला, आणि स्वतःचा झाल्यावरच त्याच्यावर मनसोक्त चुका करता येऊ लागल्या.

नाशिकला या विद्येची गरज मुळातच होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूर व अंबडच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ पासून ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. मायको म्हणजे आजची बॉश, सीमेन्स, एबीबी, क्रॉम्प्टन अशा कंपन्यांमुळे मोजमाप, नियंत्रण आणि विजेची जोडणी ही कामे शहराच्या रोजच्या जगण्याचा भाग झाली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सने तर मीटर बनवणे हाच धंदा केला. या मोठ्या कारखान्यांभोवती पॅनेल बनवणारे, वायरिंग करणारे, जॉबवर्क घेणारे शेकडो लहान उद्योग वाढले. म्हणजे रिले, टायमर, काउंटर, पुढे पीएलसी हे शब्द शहराला ऐकून माहीत होते. मात्र ही सगळी विद्या कंपनीच्या गेटच्या आत होती. शिफ्ट संपवून घरी येणारा कामगार अनुभव घेऊन येत असे, यंत्र घेऊन येऊ शकत नसे. घरच्या टेबलावर नियंत्रकाचा प्रोग्राम लिहून पाहावा अशी सोय कोणालाच नव्हती.

गेटबाहेर ही विद्या शिकण्याची जागा होती बायफोकलची प्रयोगशाळा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल म्हणजे द्विलक्षी विषय घेणाऱ्यांना ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकावा लागे. ती चिप १९७६ ची, पण आपल्या अभ्यासक्रमात ती पुढे अनेक दशके टिकली. तिचे शिक्षण ज्यावर होई ते ‘किट’ जवळून पाहण्यासारखे आहे. वहीएवढ्या रुंद पाटीवर प्रोसेसर, मेमरी, सोळा आकडी कळफलक आणि लाल अंकांचे सहा खाने असत. चार पत्त्याचे, दोन मजकुराचे. दोन संख्यांची बेरीज करायची तर आधी कागदावर आज्ञा लिहायच्या, मग प्रत्येक आज्ञेचा संकेतांक तक्त्यातून शोधायचा, आणि तो एकेक करून दाबायचा. मेमरीतून पहिली संख्या उचलायची म्हणून ३ए, पुढे पत्ता. तोही उलटा, मागचा अर्धा आधी आणि पुढचा नंतर. ती संख्या बाजूला ठेवायची म्हणून ४७. दुसरी उचलायला पुन्हा ३ए आणि पत्ता, बेरजेला ८०, उत्तर ठेवायला ३२ आणि पत्ता, थांबायला ७६. एका बेरजेसाठी बारा बाइट. एक आकडा चुकला तर किट काहीच बोलत नसे, फक्त उत्तर चुकीचे दाखवी. आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मध्येच वीज गेली, तर बहुतेक किटांमधला सगळा प्रोग्राम पुसला जाऊन पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात करावी लागे.

या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिने बरेच दिले हे मान्य केले पाहिजे. यंत्र आज्ञा कशी वाचते, पत्ता म्हणजे काय, बेरजेतला हातचा कुठे जातो, हे ज्याने ८०८५ वर हाताने केले त्याला ते आयुष्यभर पुरले. अडचण शिकवण्यात नव्हती, कपाटात होती. एका किटची किंमत हजारांत असे. म्हणून ते कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे कायमच्या मालमत्तेच्या वहीत, नोंदवले जाई, त्यावर क्रमांक टाकला जाई, आणि वर्षअखेरीस तपासणीत ते क्रमांकासह चालू स्थितीत दाखवावे लागे. किट हरवले वा जळले तर प्रयोगशाळा साहाय्यकापासून विभागप्रमुखापर्यंत खुलासे द्यावे लागत. साहजिकच एका किटभोवती चार-पाच मुले, आठवड्यातून एक प्रात्यक्षिक आणि जर्नलमध्ये आधीच ठरलेले प्रयोग, अशी व्यवस्था झाली. ‘याला एक मोटर जोडून पाहू का?’ असा प्रश्न विचारणाऱ्याला ‘हात लावू नकोस’ हेच उत्तर मिळणार, कारण मोटर जोडताना चूक झाली तर नुकसान सरकारी मालमत्तेचे होते. यात शिक्षकांचा दोष नव्हता. वस्तू महाग आणि जबाबदारी वैयक्तिक असेल, तर कोणीही असाच वागेल.

पुढचा टप्पा इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा. नाशिकमध्ये १९८४ साली के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, नंतरच्या वर्षांत मराठा विद्या प्रसारक आणि इतर संस्थांची महाविद्यालये आली, आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना काहीतरी चालते करून दाखवणे भाग पडू लागले. इथे ८०५१ कामाला आली. प्रोसेसर, ४ किलोबाइट प्रोग्राम मेमरी, १२८ बाइट रॅम आणि इनपुट-आउटपुटच्या ३२ तारा, सगळे एकाच चिपमध्ये. पण प्रयोगासाठी वापरायची ती काचेची खिडकी असलेली जात पुसायला अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावी लागे, आणि पुन्हा ‘बर्न’ करायला वेगळा प्रोग्रामर लागे. म्हणजे स्वल्पविरामाएवढ्या चुकीला अर्धा तास. १९९३ मध्ये ॲटमेलने फ्लॅश मेमरीची ८९सी५१ आणली. ती विजेनेच पुसता येई आणि पुन्हा पुन्हा लिहिता येई. त्यापुढच्या ८९एस मालिकेत चिप सर्किटमधून न काढताही प्रोग्राम भरता येऊ लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून चिप, क्रिस्टल आणि झिरो पीसीबी, म्हणजे नुसत्या भोकांची कोरी पाटी, आणून स्वतःचा बोर्ड स्वतः सोल्डर करणारी एक पिढी याच काळात तयार झाली. तरीही प्रोग्रामर कॉलेजचा किंवा दुकानदाराचाच असे. चिप मुलाची झाली होती, तिला बोलते करणारे साधन अजून दुसऱ्याचे होते.

आर्डुइनोने नेमकी ही शेवटची गाठ सोडवली. एव्हीआर चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, आधीच भरून ठेवलेला असतो. तो संगणकाकडून यूएसबीवाटे नवा प्रोग्राम घेतो आणि स्वतःच फ्लॅशमध्ये लिहितो. त्यामुळे वेगळ्या प्रोग्रामरची गरज संपली, आणि चूक दुरुस्त करायला काही सेकंद पुरू लागले. या कल्पनेचा पाया एरनांदो बारागान यांनी २००३ मध्ये इव्रेआमध्येच केलेल्या ‘वायरिंग’ या प्रकल्पात होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २००८ मध्ये नॅनो आला. त्याची लांबी ४५ मिलिमीटर, रुंदी १८ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना पंधरा-पंधरा पिना. त्याचा मोठा भाऊ उनो दिसायला ऐटबाज, पण त्याच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या पिनांमधले अंतर इतर पिनांच्या मापात बसत नाही, म्हणून तो झिरो पीसीबीच्या भोकांवर सरळ बसत नाही. नॅनोच्या पिना मात्र दशांश इंचाच्या जाळीत चपखल उतरतात. तो ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता जुळणी करायच्या पाटीच्या, मधल्या खाचेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहतो, आणि जुळणी जमली की त्याच क्रमाने झिरो पीसीबीवर सोल्डर करता येतो. प्रयोग आणि पक्की वस्तू यांच्यामधले अंतर त्याने एका संध्याकाळपुरते आणून ठेवले.

किंमत उतरण्याची कारणे मात्र तंत्रात कमी आणि धोरणात जास्त आहेत. आर्डुइनोचे आराखडे खुले होते, त्यामुळे तसेच बोर्ड कोणालाही बनवता आले. चिनी कारखान्यांनी यूएसबीसाठी सीएच३४० ही स्वस्त चिप वापरून खर्च आणखी खाली आणला. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली होती, आणि त्यातून २००५ पर्यंत इंटिग्रेटेड सर्किटवरचे आयातशुल्क शून्यावर आले होते. नंतर पुण्यातल्या रोबूसारख्या ऑनलाइन दुकानांमुळे लॅमिंग्टन रोडची फेरीही टळली. येवला, कळवण किंवा सुरगाण्याच्या मुलाला तोच बोर्ड तीनशे रुपयांच्या आसपास कुरिअरने मिळू लागला. हजारांचे किट तपासणीसाठी जपून ठेवावे लागते, तीनशेचा बोर्ड जळला तर पुढच्या महिन्यात दुसरा घेता येतो. शिकण्याचा वेग या एका फरकाने बदलला, कारण चूक करून पाहिल्याशिवाय हार्डवेअर येत नाही. उलटी जोडलेली बॅटरी, शॉर्ट झालेली पिन, मोटरच्या झटक्याने अडकलेला नियंत्रक, हे धडे पुस्तकात वाचून समजतात आणि बोर्ड गमावून पक्के होतात.

याचा पुरावा शेतीत मिळतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वीज रात्री-बेरात्री मिळते, म्हणून मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याचे साधन ही इथली अस्सल गरज होती. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने ती ओळखली, आणि २००९ मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. हे एका निष्णात अभियंत्याचे दीर्घ काळाचे काम होते. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ आली आणि वायफायसह नियंत्रक काहीशे रुपयांत मिळू लागला, २०१६ मध्ये ईएसपी३२ आली, आणि त्यानंतर तशाच साधनाचा पहिला कच्चा नमुना डिप्लोमाचा विद्यार्थीही बनवू शकला. नाशिकच्या द्राक्षबागेत केवडा आणि भुरी यांचा अंदाज पानावरचा ओलावा, हवेतली आर्द्रता आणि तापमान यांवर बांधला जातो. निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये आज जी हवामान यंत्रे खांबावर उभी दिसतात, ती कंपन्यांनी पारखून घेतलेली, पावसापाण्यात टिकणारी असतात. छंदाचा बोर्ड त्यांची जागा घेऊ शकत नाही आणि त्याने घेऊही नये. पण त्या खांबावरच्या पेटीत काय चालते हे ज्याने घरी एकदा करून पाहिले, तो बागायतदाराचा मुलगा यंत्राचा आकडा डोळे झाकून मानत नाही. सेन्सर कुठे लावला आहे, त्यावर थेट ऊन येते का, तो शेवटचा कधी तपासला, हे तो विचारतो.

दुसरा पुरावा सिंहस्थाचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. पुढच्या सिंहस्थाच्या आधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ सुरू झाला. मेळ्याचे प्रश्न घेऊन स्थानिक तरुणांनी त्यांवर साधने बनवावीत, असा त्याचा हेतू. त्यातून ‘आशियोतो’ ही पावले मोजणारी चटई तयार झाली. पायाखालचा दाब ओळखायचा, माणसे मोजायची आणि आकडा लगेच इंटरनेटवरून पाठवायचा, एवढे तिचे काम. ती करणाऱ्या गटात नाशिकचा शाळकरी मुलगा पुढे होता. गटाने दिलेल्या माहितीनुसार २०१५ मध्ये १८ तासांत पाच लाखांवर माणसे या चटयांवरून मोजली गेली. त्या वर्षी दुर्घटना टळली याचे श्रेय पोलीस बंदोबस्ताला आणि नियोजनाला आहे, चटईला ते देणे अन्यायाचे होईल. पण शाळेत जाणारा मुलगा शहराच्या सर्वांत गंभीर प्रश्नावर चालते साधन घेऊन प्रशासनापुढे उभा राहतो, ही घटना कपाटबंद किटांच्या काळात घडणे जवळजवळ अशक्य होते.

यावर पहिला आक्षेप जुन्या शिक्षकांचा आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ते म्हणतात की तयार लायब्ररी उचलायची, दोन तारा जोडायच्या आणि दिवा लागला की प्रोजेक्ट झाले समजायचे, यात मुलगा काही शिकत नाही. रजिस्टर म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. यात तथ्य आहे. आर्डुइनोची पिन चालू-बंद करणारी आज्ञा आतून बरीच तपासणी करते, म्हणून ती थेट रजिस्टरला लिहिण्यापेक्षा कित्येक पट हळू चालते, आणि अनेकांना याचा पत्ताही नसतो. पण दोन गोष्टी त्याविरुद्ध ठेवल्या पाहिजेत. एक, दार बंद केलेले नाही. त्याच प्रोग्राममध्ये पोर्ट बी चे रजिस्टर लिहून १३ क्रमांकाची पिन थेट हलवता येते, आणि ज्याला एलईडीची लुकलुक पुरेशी जलद वाटत नाही तो एक दिवस तिथे पोचतोच. दोन, नक्कल हा रोग आर्डुइनोच्या आधीचा आहे. शेवटच्या वर्षाचे ‘रेडीमेड प्रोजेक्ट’ विकणारी दुकाने ८०५१ च्या काळातच भरभराटीला आली होती. आठवड्यातून दोन तास किट मिळणाऱ्या मुलाकडून स्वतःच्या कामाची अपेक्षा ठेवली, तर तो विकतच घेणार. बोर्ड घरी असलेल्या मुलाकडे निदान विकत न घेण्याचा पर्याय असतो. ८०८५ ची शिस्त टिकवायची असेल तर ती तीनशे रुपयांच्या बोर्डावरही शिकवता येते, आणि ती शिकवावी असेच माझे मत आहे.

दुसरा आक्षेप स्वावलंबनाचा. चिप परदेशी, बोर्ड चिनी, मग आपण केले काय? १९८९ च्या फेब्रुवारीत मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला आग लागली आणि देशाच्या चिपनिर्मितीचा धागा फार मोठ्या काळासाठी तुटला, हे खरे आहे. २०२० ते २०२२ च्या जागतिक टंचाईत या परावलंबनाची किंमतही कळली. परंतु चिप बनवणारा देश आधी चिप वापरणारा असावा लागतो. सीडॅक या सरकारी संगणन संस्थेने वेगा प्रकल्पात आरआयएससी-व्ही पद्धतीचा तेजस३२ हा मायक्रोकंट्रोलर रचला आणि त्यावर एरीज हा बोर्ड काढला, तेव्हा तो आर्डुइनोच्याच प्रोग्रामिंग पद्धतीने चालेल अशी सोय केली. कारण उघड आहे. ती पद्धत जाणणारे हजारो हात देशात आधीच तयार होते. आयात बोर्डांवर शिकलेली पिढी देशी बोर्डाची पहिली गिऱ्हाईक ठरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तीनशे रुपये सर्वांसाठी किरकोळ नाहीत, बोर्डाला संगणक लागतो, आणि माहिती मुख्यतः इंग्रजीत आहे. मग मालकीचा हा बदल सुखवस्तू घरांपुरताच नाही का? बऱ्याच अंशी आहे. यावर सरकारी उत्तर २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबचे आहे. निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली आहे. योजना चांगली आहे. पण ज्या शाळेत बोर्ड आल्या दिवशी डेडस्टॉक रजिस्टरात चढतो, त्या शाळेत बायफोकलचाच इतिहास पुन्हा सुरू होतो. कपाटाला कुलूप लागते, तपासणीला साहेब आले की बोर्ड टेबलावर मांडले जातात, आणि मुले ठरलेला रोबो ठरलेल्या रेषेवरून चालवून दाखवतात. वस्तू नवी, पण तिच्याभोवतीची भीती जुनीच राहते. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून मुलांच्या हातात खरी अवजारे आणि खरी कामे दिली, आणि तिथेच २००२ मध्ये अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे कोणालाही वस्तू घडवता येणाऱ्या कार्यशाळांपैकी, एक उभी राहिली. पैशापेक्षा पद्धत महत्त्वाची, हे त्या गावाने मराठी शिक्षणाला कधीच दाखवून दिले आहे.

म्हणून नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांना, शिक्षण खात्याला आणि सातपूर-अंबडच्या उद्योजकांना एक साधी विनंती आहे. मायक्रोकंट्रोलर बोर्डाची नोंद डेडस्टॉकमध्ये करू नका. खडू, परीक्षानळी आणि रसायने जशी वापरून संपणारी वस्तू म्हणून लिहिली जातात, तशी त्याची नोंद करा. वर्षारंभी प्रत्येक मुलामुलीला एक बोर्ड, एक ब्रेडबोर्ड आणि मराठीतली एक पुस्तिका घरी न्यायला द्या, आणि वर्षअखेरीस बोर्ड परत मागण्याऐवजी त्यावर काय केले आणि काय जळाले हे विचारा. उद्योजकांनी एका वर्गाचा खर्च उचलायचा म्हटले तर चाळीस मुलांचे बोर्ड बारा हजार रुपयांच्या आसपास येतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि मोजण्यासारखे पुष्कळ काही या शहरात आहे: गर्दी, गोदावरीचे पाणी, बागेतला ओलावा. ते मोजायला शिकणारी मुले हवी असतील, तर कपाटाची किल्ली आधी त्यांच्या हाती गेली पाहिजे.